बिनहाडाच्या माशाचे दात

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दिवसभर मोटर चालायची. माझे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, दातांच्या कवळ्या करायचे. आमच्या आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत दातांचे दवाखाने बरेच होते आणि बहुतेकांचं काम अण्णांकडे यायचं. डॉक्टर रोग्याच्या जबड्याचं माप घेऊन पाठवायचे. अण्णा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे, मेणात दात बसवायचे आणि गुलाबी कवळी तयार झाली की ती मोटरीवर घासून आरशासारखी करायचे. मोटरीचा तो बारीक, एकसुरी आवाज आणि कवळीच्या द्रावणाचा नाकात चढणारा वास यांतच मी वाढले. आई स्वयंपाकघरातून ओरडूनच बोलायची, कारण हळू बोललेलं ऐकू येत नसे. नव्या माणसाला वाटायचं, घरात भांडण पेटलंय. शाळेतून आल्यावर माझं काम म्हणजे तयार कवळ्या पाण्याच्या डबीत घालून दवाखान्यांत पोचवणं. कुणाचे दात माझ्या हातात आहेत, याची मला कधी शिसारी वाटली नाही.

आम्ही जैन. मूळ गाव हातकणंगल्याकडचं, शेती चुलत्यांकडे. दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत आईनं शहरातही मोडू दिली नव्हती. साडेपाचला मोटर थांबायची, अण्णा हात कोपरापर्यंत धुवायचे आणि आम्ही तिघं जेवायला बसायचो. ज्वारीची भाकरी, आमटी, दही आणि खर्डा. हिरव्या मिरचीचा तो खर्डा आई तव्यातच वाटीच्या बुडानं रगडायची आणि तो ताटात नसला तर अण्णा जेवायला सुरुवातच करत नसत. मी अकरावीला गेले त्या वर्षी त्यांनी एक दिवस खर्ड्याची वाटी बाजूला सारली. "पित्त झालंय," म्हणाले. पित्त आठवड्यात गेलं नाही, महिन्यात गेलं नाही. मग ते भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले, आणि तीही बोटांनी इतकी बारीक करून, की बघणाऱ्याला वाटावं, हे पाखरांना घालणार आहेत. हसताना ते तोंडावर हात धरू लागले. मी हे सगळं बघत होते. प्लास्टरच्या पोत्यामागे तंबाखू-सुपारीच्या माव्याचा पत्र्याचा डबा असतो, हेही मला माहीत होतं. जैनाच्या घरात तंबाखू म्हणजे केवढी लाज, त्यामुळे तो डबा कुणाला दिसत नसे आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. आज पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मला उत्तराचीच भीती वाटत होती.

त्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे परब सर आले. ते आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माणूस मालवणचा, उंच, हडकुळा, आणि बोलताना हातांनी हवेत चित्रं काढणारा. त्यांच्या आईची कवळी अण्णांनी केली होती, त्या ओळखीवर ते आले आणि कामाच्या टेबलावर त्यांनी झेरॉक्सचे पाच-सहा कागद पसरले. एका कागदावर दगडात रुतलेलं एक चक्र होतं. करवतीच्या पात्याला गुंडाळी घालावी तसं. आत बारीक दात, बाहेरच्या बाजूला येता येता मोठे होत गेलेले, शंभराच्या वर.

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि वाकून म्हणाली, "ही तर चकली हाय की ओ."

"मासा आहे, वहिनी," परब सर म्हणाले. "म्हणजे माशाचं एवढंच उरलंय."

त्यांनी स्वतःच्या कानाचं वरचं टोक धरलं. ही जी लवते ना, ती कूर्चा. या माशाच्या अंगात हाड नव्हतंच, सगळा सांगाडा असा लवणारा. मेला की खाली गाळात पडायचा, कूर्चा कुजून जायची आणि राहायचे ते दात. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र. आजचा हिमालय नाही, आजचा हिंदुस्थान या जागी नाही. त्या समुद्रात गोल शंखांत राहणारी, मालवणात खातात त्या माकुळासारखी मऊ जनावरं थव्यांनी पोहायची आणि हा त्यांच्यामागे फिरायचा. खोलीच्या दारापासून परसातल्या नळापर्यंत भरेल एवढा लांब. नाव हेलिकोप्रिऑन. अमेरिकेत सापडला, रशियात सापडला, पण सगळीकडे सापडली ती ही चक्रंच. ती तोंडात नेमकी कुठं बसायची, यावर शंभर वर्षं मोठमोठी माणसं भांडत आली होती. एकानं नाकावर सोंडेसारखं वर वळवून दाखवलं, दुसऱ्यानं पाठीच्या पंखावर, तिसऱ्यानं खालच्या ओठातून बाहेर लोंबतं, चौथ्यानं घशात.

"कॉलेजात आम्ही जुन्या जलचरांचं दालन करतोय," सर म्हणाले. "मला याचा जबडा करून पाहिजे. दात तुमच्याइतके चांगले जिल्ह्यात कोण करणार?"

"माणसाचं करतोय मी," अण्णा म्हणाले. त्यांचं बोलणं त्या दिवसांत दातांतून गाळून आल्यासारखं यायचं. "माशाचं काय ठावं मला?"

"तुमी खाता व्हय असलं, सर?" आईनं मधेच विचारलं.

"हा मिळाला असता तर सोडला नसता, वहिनी," सर म्हणाले, आणि आईनं मान वळवून हसू लपवलं. जन्मात मासा हातात न धरलेल्या आमच्या घरात अशा रीतीनं मासा आला.

अण्णांनी दोन दिवस ते कागद नुसते बघितले. मग मेण तापवलं. पहिला दात त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा कोरला आणि मला हाक मारली. "बग पद्मा, ह्यो त्याचा बारकेपणीचा दात. आपलं दुधाचं दात पडत्यात. ह्याचा एक बी पडत न्हाय. नवा बाहीरनं येतोय, जुना आत सरकतोय. जल्मापासनं सगळं दात ह्यानं तोंडातच ठेवल्यात." इतकं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. मी शेजारच्या स्टुलावर बसले आणि त्यानंतर रोज बसत गेले. ते कोरायचे, मी साच्यात प्लास्टर ओतायची, निघालेले दात ओल्या पॉलिशपेपरनं घासायची आणि जुन्या साडीच्या कपड्यावर लहानमोठे लावून ठेवायची.

चक्र कुठं बसवायचं, यावर परब सर आणि अण्णा यांच्यात चांगली जुंपली. सरांचा कल ओठातून बाहेर लोंबणाऱ्या चित्राकडे होता, कारण ते बघायला भयंकर दिसतं. अण्णा ऐकेनात. "बाहीर लोंबलं असतं तर रोज कशावर तरी आपटलं असतं. टोकं झिजली असती. फोटूत झिजल्यालं दिसतंय का कुटं? ह्यो मऊ खात हुता आणि दात आत हुतं. खालच्या जबड्यात, मधोमध." कोटीकोटी वर्षांपूर्वीचा समुद्र अण्णांच्या डोक्यात मावत नव्हता, पण दात झिजतो कसा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आजपासून दहा-बारा वर्षांपूर्वी दगडाच्या आत बघणाऱ्या यंत्रातून असं एक जीवाश्म तपासलं गेलं आणि चक्र खालच्या जबड्यातच, सबंध जबडा भरून बसलेलं निघालं. माझ्या चुलत भाचीनं मला ते मोबाईलवर दाखवलं तेव्हा मी बसमध्ये होते. उतरायचा थांबा मागे गेला तरी मी ते चित्र बघत होते.

त्या वादातच ती गोष्ट झाली. सर म्हणाले, "अण्णा, जबडा मिटताना खालचा भाग मागे कसा जातो ते बघायचंय. जरा मोठा आ करा बघू." अण्णांचा हात ओठांवर गेला. "माझं कशाला? पोरीचं बगा," म्हणाले आणि उठून मोटर चालू केली. सरांना काही वाटलं नाही. मी आ केला, सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि ते चहा घेऊन गेले. मला मात्र दुसरंच काही आठवलं. पंधराएक दिवसांपूर्वी मी डॉक्टर जाधवांच्या दवाखान्यात डबी द्यायला गेले होते, तेव्हा ते एका रिक्षावाल्याला रागावत होते. "तीन बोटं उभी घाल तोंडात. जात न्हाईत? दोनच जात्यात? मग मावा अजून सोडला न्हाईस व्हय रं?" ते वाक्य तेव्हा कानावरून गेलं होतं. आता ते डोक्यात फिरायला लागलं आणि थांबेना.

दोन दिवसांनी दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. मोटर बंद होती. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, फटीतून अण्णा पाठमोरे दिसले. रंग जुळवायला ठेवलेल्या छोट्या आरशासमोर ते उभे होते आणि तोंडात बोट घालत होते. एक गेलं. दुसरं त्यांनी शेजारी लावून दाबलं, मान मागे केली, डोळे मिटले. ते गेलं नाही. त्यांनी आरसा पालथा ठेवला, आणि वळले तेव्हा मी दारात होते.

"आईला सांगू नगंस," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. "दुकत न्हाय. मासा हुंदे. मग दाखवतो."

"जाधव डॉक्टर इथं तीन घरांवर आहेत, अण्णा."

"त्येच तर!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "ज्यांच्या दवाखान्यात मी दात देतोय, त्यांच्याच फुडं तोंड उघडून बसू? जगाला तोंड देणारा माणूस, आणि सवताचं असलं? सांगू नगंस. शप्पत हाय तुला."

मी अकरा दिवस सांगितलं नाही. ते अकरा दिवस मला आजही एकेक आठवतात. वर्गात कूर्चामाशांचा धडा चालू होता, परब सर फळ्यावर शार्क काढत होते आणि मला फळ्यावर दुसरंच काही दिसत होतं. जेवताना मी अण्णांच्या घासाकडे बघायचं नाही असं ठरवून बसायची आणि घास घशाखाली जाईपर्यंत श्वास धरून राहायची. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, आईबरोबर गेले की हात जोडायचे, पण मागायचं काय ते सुचत नसे, कारण मागायचं म्हणजे ते नाव मनात घ्यावं लागलं असतं. जाधवांच्या दवाखान्यात मी त्या दिवसांत दोनदा डबी घेऊन गेले. दोन्ही वेळा डबी टेबलावर ठेवली, उभी राहिले, कंपाउंडर म्हणाला, "आनी काय?" आणि मी परत आले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा खुर्चीत एक बाई बसल्या होत्या आणि डॉक्टर त्यांच्या तोंडात वाकले होते. मी दारातूनच म्हणाले, "डॉक्टरकाका, अण्णांच्या तोंडात एकच बोट जातंय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं, बाईंना म्हणाले, "पाच मिनिटं बसा, मावशी," आणि ॲप्रन न काढता, टॉर्च उचलून ते रस्त्यावर आले. मी मागोमाग धावले. तीन घरांचं ते अंतर त्या दिवशी संपता संपेना. अण्णा मोटरीवर होते. डॉक्टरांनी स्वतः बटण बंद केलं.

"आ करा."

अण्णांनी आधी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती नजर मी कुणाला सांगू शकणार नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. मग त्यांनी तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं. डॉक्टरांनी माशाच्या अर्धवट जबड्याशेजारचा कामाचा दिवा वळवून घेतला, लाकडी पट्टीनं गाल बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिले. गालाच्या आत पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मागे, दाढेजवळ, न भरणारी जखम.

"कधीपासनं हाय?"

"झालं की चार-सा म्हयनं."

"आणि रोज मला भेटताय तुम्ही! रोज!" डॉक्टर ओरडले. "तुकडा तपासायला पाठवायचा. आज."

"दालनाचं उद्घाटन तोंडावर आलंय. एवढा मासा झाला की..."

"मासा इतकी वर्षं थांबलाय, अण्णा. ह्ये थांबणार न्हाय."

आवाज ऐकून आई बाहेर आली होती. मला वाटलं, ती रडेल, निदान विचारेल. पोत्यामागे हात घालून तिनं बरोबर तो पत्र्याचा डबा काढला आणि परसात जाऊन मोरीत उपडा केला. परत येऊन म्हणाली, "सा म्हयनं झालं भाकरी पातळ करतोय मी. ह्यास्नी चावंना झालंय ते मला दिसत न्हवतं व्हय? म्हटलं, सांगतील आपण हून." तेव्हा मला कळलं की घरातली तिन्ही माणसं तीच गोष्ट एकमेकांपासून लपवत बसली होती. मला आईचा भयंकर राग आला. स्वतःचाही आला, पण आईचा आधी आला, हे खरं आहे.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. शपथ मोडली होती मी. पण मासा अर्धा राहिला होता आणि माझ्याशिवाय तो होणार नव्हता, म्हणून आम्ही रोज त्या टेबलाशी हातभर अंतरावर बसायचो आणि अण्णा स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायचे, "तिला सांग, मेण तापीव." आई आतून ओरडायची, "पद्मे, मेण तापीव!" मी मेण तापवायची. "तिला सांग, सत्तरावा दात तिरका बसलाय." आई ओरडायची, "सत्तरावा तिरका बसलाय म्हणत्यात!" एरवी हसू आलं असतं. मी दात काढून पुन्हा बसवायची. गल्लीत स्कूटर थांबली की आमचे तिघांचेही हात थांबायचे. फोन वाजला की आई दोन्ही हातांनी उचलायची. एकदा कोणीतरी राँग नंबर लावला आणि फोन ठेवल्यावर ती तिथंच जमिनीवर बसली.

आठव्या दिवशी डॉक्टर जाधव चालत आले. चपला काढताना त्यांना इतका वेळ लागला, की मला तिथंच समजलं.

"सरळ सांगा," अण्णा म्हणाले.

"हाय," डॉक्टर म्हणाले. "पण गाठीत पसरलेलं दिसत न्हाय. मिरजेला माझ्या मित्राशी बोललोय, परवा ॲडमिट व्हायचं. आणखी दोन-तीन महिने काढले असते, तर मी काय सांगू शकलो नसतो. पोरीनं सांगितलं म्हणून." अण्णा खाली बघत होते. त्यांच्या हातात दात होता, चक्राच्या बाहेरच्या टोकाचा, सगळ्यांत मोठा. तो त्यांनी जागेवर लावून बघितला, काढला आणि पुन्हा घासायला घेतला.

मिरजेला निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी प्लास्टरच्या खालच्या जबड्यात पेन्सिलीनं एक रेघ मारली आणि टॅक्सीत जाऊन बसले. त्या रेघेवर चक्र मी बसवलं, परब सरांनी जबडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. सगळं जागेवर आल्यावर सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. उद्घाटनाला आमच्या घरातलं कुणीच नव्हतं. त्या दिवशी मी आणि आई मिरजेच्या दवाखान्याच्या जिन्यावर बसलो होतो आणि आत ऑपरेशन चाललं होतं. आईनं घरून आणलेले धपाटे फडक्यात तसेच राहिले. सूर्य कलला, तरी तिनं जेवायचं नाव काढलं नाही. सहा तासांनी एक तरुण डॉक्टर बाहेर आले. गालाचा आतला भाग, चार दाढा आणि जबड्याच्या हाडाची कड काढावी लागली होती. "कडा स्वच्छ आल्यात," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण ते हसत होते, म्हणून मी आईला हलवलं.

अण्णा त्यानंतर सोळा वर्षं जगले. हे आत्ताच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत आम्हांला कुणी हे सांगितलं असतं, तर किती बरं झालं असतं. पण तेव्हा काहीच माहीत नव्हतं. महिन्यानं टाके निघाले, नाकातली नळी निघाली, आणि गाल आतून आवळायला लागला. जाधवांनी बर्फगोळ्याच्या असतात तसल्या लाकडी पट्ट्यांचा एक गठ्ठा आणून दिला. पट्ट्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एक-एक वाढवायची. नाही केलं तर तोंड होतं त्याहून आणखी मिटेल. अण्णा ते काम दार लावून, एकटेच करायचे. आतून कण्हण्याचा आवाज यायचा आणि मी बाहेर पुस्तक उघडून तीच ओळ वाचत बसायची. अजून ते माझ्याशी बोलले नव्हते. खरं म्हणजे कुणाशीच नीट बोलता येत नव्हतं, पण आईला खुणा तरी करायचे.

एका सकाळी दार लावलेलं नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि वळले, तेवढ्यात त्यांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले. त्यांनी पट्ट्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, दिव्याचं तोंड स्वतःकडे फिरवलं आणि माझ्यासमोर तोंड उघडलं. सगळं दिसत होतं. लाल, शिवलेलं, अजून ओलं. मी पट्ट्या एकेक करून सरकवत गेले. नऊ बसल्या. दहावीला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी हात मागे घेतला.

त्यांनी माझं मनगट धरलं. ऑपरेशननंतरचं त्यांचं बोलणं अर्धं नाकातून, अर्धं गालातून यायचं. शब्द ओळखायला मला जरा वेळ लागला.

"आनखी एक बसंल," ते म्हणाले. "भिऊ नगंस. घाल."